शंभराचे एकशे अडुसष्ट

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले, पण आजही मनातून जात नाही ती नगरा भागातल्या दोन खोल्यांची एक साधी तक्रार. माझे वडील रेल्वेत होते, त्यामुळे मी झाशीतच वाढलो आणि दरोगा, म्हणजे आपल्याकडचा फौजदार, म्हणून नोकरीची शेवटची वर्षेही झाशीतच काढली. त्या दिवसांतली ही गोष्ट.

एके दिवशी सकाळची हजेरी आटोपत असताना साठीला टेकलेली एक नेपाळी बाई ठाण्यात आली. तिचा नवरा सीपरी बाजारात चौकीदार होता. तो वारल्याला वर्ष झाले होते. पस्तिशीच्या आत असताना त्या दोघांनी एका जमीनदाराकडून त्या खोल्या दहा हजारांना विकत घेतल्या होत्या. व्यवहार साध्या स्टॅम्पपेपरवर झालेला, रजिस्ट्री केलेलीच नव्हती. जमीनदारही आता हयात नव्हता. त्याचा पुतण्या मात्र एक पावती घेऊन दारात उभा राहिला होता. १९८८ सालच्या त्या पावतीत लिहिले होते की सौदा मोडला आहे, आणि चौकीदाराला त्याच्या नेपाळातल्या गावी दहा हजार भारतीय, म्हणजे सोळा हजार नेपाळी रुपये परत पोचले आहेत. खाली अंगठा. पुतण्याने घर रिकामे करायला पंधरा दिवस दिले होते.

मी खरे तेच सांगतो. अशा वेळी आम्ही जे म्हणतो तेच मी म्हणालो. हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. बाई वाद न घालता उठली. जाताना एवढेच म्हणाली की वकिलाला द्यायला तिच्याजवळ काही नाही, आणि पैसे परत आले असते तर ते तिच्याच हातात आले असते.

दोन दिवसांनी खबर आली. बाजारातल्या एका रद्दीवाल्याने आमच्या शिपायाला सहज बोलता बोलता सांगितले, की एक गृहस्थ जुन्या वह्यांतली कोरी पाने शोधत आला होता आणि मागेल ते पैसे देऊन चार पाने घेऊन गेला. त्याने वर्णन केले ते पुतण्याचे होते. मी पावती मागवून घेतली. कागद खरोखरच जुना होता. अंगठ्याचा ठसा इतका फिसकटलेला, की तज्ज्ञाने 'निश्चित मत देता येत नाही' असे लिहून पाठवले. संशय होता, पुरावा नव्हता.

मग मी बाईचा जबाब सविस्तर घ्यायला तिच्या घरी गेलो. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून पावती मी मोठ्याने वाचून दाखवली. सोळा हजारांवर ती थांबली आणि मला पुन्हा वाचायला लावले.

"साहब, उस जमाने में सौ का एक सौ अड़सठ मिलता था," ती म्हणाली. "दहा हजारांचे सोळा हजार आठशे व्हायला हवेत."

मी म्हणालो की शंभराला एकशे साठ हा दर तर कायमचाच आहे. तिने मान हलवली. नवऱ्याची बचत घेऊन दरवर्षी सीमेपलीकडे तीच जायची, पदराच्या गाठीत बांधून. मुलगी झाली त्या वर्षी अडुसष्ट मिळाले होते. मग मध्ये कधीतरी पासष्ट झाले. मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी साठ मिळाले, तेव्हा दुकानदार फसवतो आहे असे समजून ती त्याच्याशी भांडली होती.

"शंभरामागे आठ रुपये कमी झाले, साहेब. ते कसे विसरेन?"

नेपाळने आपला रुपया भारतीय रुपयाशी बांधून ठेवला आहे, पण ती गाठ सुरुवातीपासून एकाच ठिकाणी नव्हती, हे मला त्या दिवशी कळले. वरिष्ठांमार्फत पत्रव्यवहार करून जुने अधिकृत दर मागवले. उत्तर यायला महिना गेला. तोवर त्या घराला कुणी हात लावू नये म्हणून बीटच्या शिपायाला तिकडे रोज फेरी मारायला सांगितली. १९८८ मध्ये शंभराचे एकशे अडुसष्ट. १९९३ पासून एकशे साठ. बाईचा एक आकडाही चुकलेला नव्हता.

मग पुतण्याला बोलावले. चाळिशीचा, नीटनेटका, प्रत्येक प्रश्नाला तयार उत्तर देणारा माणूस. अशा माणसावर ओरडून काही होत नाही, त्याला बोलू द्यावे लागते. त्याने सांगितले की चाचाजींनी सीमेवर स्वतः पैसे बदलून घेतले होते आणि ही हकिगत त्यांनी त्याला अनेकदा ऐकवली होती. मी त्याच्याकडून तेच तीनदा वदवून जबाबात लिहून घेतले. शेवटी दर विचारला.

"एक सौ साठ. वो तो हमेशा से यही है, साहब."

मी दरपत्रक त्याच्यापुढे सरकवले. तो ते बराच वेळ वाचत बसला. बाहेर रद्दीवाला बसलेला आहे हेही सांगितले, तेव्हा त्याने पाणी मागितले. त्याच दिवशी त्याने कबुली दिली आणि पंचांसमक्ष आपल्या कपाटातून उरलेली तीन पाने काढून दिली. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, पण ती पाने टिकली; पावतीचा कागद त्यांच्याशी जुळला. खटला लांबला, तरी निकाल बाईच्या बाजूने लागला. जमीनदाराच्या मुलीने स्वतः येऊन घराची रजिस्ट्री बाईच्या नावे करून दिली. रजिस्ट्रारच्या कचेरीत बाईने अंगठा लावला आणि नंतर तो कितीतरी वेळ पुसलाच नाही.

तोपर्यंत जबाब लिहिताना मी साक्षीदाराच्या नावापुढे पहिली नोंद 'अशिक्षित' अशी करत असे, आणि ती केली की माझे निम्मे लक्ष तिथेच संपत असे. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी आधी एकच विचारत गेलो: तुम्ही काय काम केले, आणि त्या कामातले काय लक्षात आहे? लोक सांगू लागले की थांबत नसत. अनेक तपासांचे धागे मला तिथेच सापडले.