बॉनेटवर नसलेले कुंकू

नोकरीत हाताळलेले बहुतेक गुन्हे मला रजिस्टरच्या नंबरावरून आठवतात. एकच गुन्हा रंगावरून आठवतो. आता निवृत्त होऊन घरी बसलो आहे, तरी रस्त्याने एखादी बिनचकाकीची गाडी गेली की मान आपोआप वळते आणि बायको म्हणते, "झाली का तुमची ड्यूटी सुरू?"

तेव्हा मी सहायक पोलीस निरीक्षक होतो. कंधारकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे एक छोटे ठाणे माझ्या ताब्यात होते. दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले होते, शिवारात कापसाची वेचणी चालू होती. दिवस मावळताना एका वळणावर, सायकलवरून दूध घालायला निघालेल्या माणसाला एका कारने मागून उडवले आणि कार न थांबता निघून गेली. दूधवाल्याला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात हलवले. तो बेशुद्ध होता. घटनास्थळी सांडलेले दूध, वाकलेली सायकल आणि फुटलेल्या हेडलाइटचे तुकडे एवढेच मिळाले. तुकड्यांवरून मेकॅनिकने कारचे मॉडेल सांगितले. दिवा डाव्या बाजूचा होता.

प्रत्यक्ष पाहणारी एकच होती. शेजारच्या शेतात कापूस वेचणारी पन्नाशीची बाई. तिचा जबाब मी स्वतः समोर बसून घेतला.

"गाडी कोणत्या रंगाची होती, मावशी?"

"निळी हुती, साहेब. पण चमकत न्हवती. आमच्या घराच्या भिंतीवानी निळी. चुन्यात नीळ कालवून भिंतीला देत्यात न्हाई का, तशी. घराकडं चला, दाखवते."

मी रायटर हवालदाराला सांगितले, "लिहा. निळ्या रंगाची चारचाकी, भरधाव वेगात."

ठाण्यातल्या जबाबाची एक ठरलेली भाषा असते. सांगणारा काहीही सांगो, कागदावर 'सदर इसम' आणि 'हयगयीने व निष्काळजीपणाने' हेच उतरते. आम्हाला त्यात काही वावगे वाटत नाही, उलट कोर्टात कागद टिकतो असे वाटते. त्या बाईची भिंत त्या दिवशी कागदावर आलीच नाही. तिने अंगठा दिला आणि ती निघून गेली.

परिवहन कार्यालयाकडून त्या मॉडेलच्या गाड्यांची यादी मागवली. आमच्या भागात निळ्या गाड्या चार निघाल्या. तीन ठाकठीक होत्या. चौथी सरकारी जनावरांच्या दवाखान्यातल्या पशुधन पर्यवेक्षकांची होती. गावोगाव लोक त्यांना डॉक्टरच म्हणत. त्यांच्या गाडीचा डावा हेडलाइट फुटलेला होता.

"कशाने फुटला?"

"बैलानं शिंग मारलं, साहेब."

सगळे ठाणे हसले. आमचा हवालदार म्हणाला, "साहेब, आता बैलाला समन्स काढावं लागतंय."

मीही हसलो, हे कबूल करतो. अपघाताच्या वेळी ते एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, गाय सोडवायला गेले होते. गाय अडली होती. मालकाला वेळ विचारली तर तो म्हणाला, "दिवस बुडायला हुता." दिवस बुडतानाच अपघात झाला होता, त्यामुळे त्या साक्षीचा उपयोग शून्य. गाडी जप्त करून ठाण्याच्या आवारात लावली. बाईला बोलावून दाखवली. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर बोट फिरवले आणि मान हलवली.

"ही न्हाई. ही तर चमकून राहिली."

संध्याकाळची वेळ होती, अंतर होते, बाई घाबरलेली असणार, अशी माझी मीच समजूत घातली. डॉक्टर तेव्हा तिथेच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी कागदाकडे पाहिले.

पुढे आठवडाभर त्यांना रोज ठाण्यात बोलावत होतो. ते इंजेक्शनची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसत. न जाणो, मध्येच कुठून बोलावणे यायचे. पण बोलावणी येईनाशी झाली. माणूस उडवून पळणाऱ्याचा हात आपल्या जनावराला नको, असे लोक उघड बोलू लागले. त्यांच्या बढतीची वेळ आली होती. माझा अहवाल त्यांच्या कार्यालयात गेला की ती अडकणार आणि चौकशी लागणार, हे मलाही ठाऊक होते आणि त्यांनाही. अहवाल टाइप होऊन माझ्या टेबलावर सहीसाठी पडला होता. ते एकदाच बोलले.

"साहेब, एक बैल तुम्हाला खोटा वाटतो, वाटू द्या. पण माणूस तडफडत टाकून मी पळालो, असं लिहू नका. मी मेलेल्या वासराजवळसुद्धा बसून राहणारा माणूस आहे."

मी सही एक दिवस लांबवली. का लांबवली ते तेव्हा सांगता आले नसते.

त्याच दुपारी लातूरहून फोन आला. लातूरला असताना ओळखीचा झालेला एक स्पेअर पार्टवाला होता. त्याला मी मॉडेल सांगून ठेवले होते.

"साहेब, तुमच्या मॉडेलचा डावा हेडलाइट एक जण घेऊन गेला. व्यापारी हाय इथला, ओळखतो मी. पण गाडी पांढरी हाय त्याची."

"मग काय उपयोग?"

"उपयोग तुम्ही बघा. मी बसवून देतो म्हणलं, तर नको म्हणला. हातात घेऊन गेला. स्वतः स्क्रू पिळीत बसणारा माणूस न्हाई तो, म्हणून फोन केला."

मला हे विचित्र वाटले. पोलिसाला गुन्हेगारापेक्षा विचित्रपणा आधी दिसतो. ठाणे दैनंदिनीत नोंद केली, हवालदाराला घेतले आणि सकाळी लातूर गाठले. तिथल्या ठाण्याला कळवून, त्यांचा एक शिपाई घेऊन त्या व्यापाऱ्याच्या घरी गेलो.

चाळिशीचा, शांत, अदबीने बोलणारा माणूस. चहा आला. गाडी फाटकाच्या आत उभी होती. पांढरीशुभ्र. नोंदणीपत्रातही पांढरी. डावा हेडलाइट उजव्यापेक्षा नवा.

"घरासमोरच्या खांबाला घासली, साहेब," तो म्हणाला.

हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, निळ्याची पांढरी करायची तर पेंटर आठ दिवस गाडी सोडत न्हाई. वास तर महिनाभर जात न्हाई. आणि हा दाराच्या आतला रंग बघा, कंपनीचा हाय. ही गाडी जन्मापासून पांढरीच हाय. चला, उशीर होतोय."

त्याचे सगळे बरोबर होते. तरी माझा पाय निघेना. मी उगीच गाडीसमोर उकिडवा बसलो. नंबरप्लेटच्या स्क्रूभोवती लाल काहीतरी वाळलेले होते. जाळीच्या फटींतही तोच लाल ओघळ. नखाने खरवडून पाहिले. कुंकू होते.

दसऱ्याला आपल्याकडे गाडी धुऊन बॉनेटवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढतात. वरून हळद, अक्षता, झेंडूचा हार. पाणी जास्त झाले की कुंकू खाली ओघळते, तेही सगळ्यांना माहीत आहे. आणि पांढऱ्या गाडीवर ओले कुंकू लागले की त्याचा गुलाबी डाग पुढच्या दसऱ्यापर्यंत जात नाही, हे पांढरी गाडी बाळगणाऱ्या कोणालाही विचारा. माझ्या स्वतःच्या गाडीवर तो होता. इथे खाली ओघळ होता, आणि ज्याचा ओघळ, ते वर कुठेच नव्हते. डाग नाही, डागाची सावलीही नाही.

व्यापाऱ्याची आई ओट्यावर वाती वळत बसली होती. मी सहज विचारल्यासारखे विचारले, "आई, दसऱ्याला पूजा कोणी केली गाडीची?"

"मीच की, बाबा. दर साली मीच करते."

"स्वस्तिक काढलं होतं?"

"हे एवढं थोरलं! निळ्यावर कुंकू लई खुलून दिसलं."

व्यापारी घाईने म्हणाला, "वय झालंय तिचं. रंगबिंग काही ध्यानात राहत नाही."

म्हातारीला ते लागले. "का राहत न्हाई? तूच आणली न्हवं गाडी निळी करून? गणपतीच्या आधी?"

गाडी पांढरी होती. निळी झाली. पुन्हा पांढरी झाली. आणि मधे पेंटर कुठेच नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला असे कोडे पडले नव्हते. मी व्यापाऱ्याकडे पाहिले तर तो घामाने भिजला होता.

स्थानिक ठाण्यात नेऊन विचारपूस केली. चौकशीत आरडाओरडा करणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. माझा अनुभव असा, की खरोखर न कळलेली गोष्ट खरोखर विचारावी. मी म्हणालो, "तुम्ही गुन्हा केला की नाही ते राहू द्या. आधी मला सांगा, हे करतात कसं?"

तो म्हणाला, "रंग नाही साहेब, फिल्म असते. औसा रस्त्याला एक जण चिकटवून देतो."

त्या कारागिराकडे गेलो. दुकानात रंगाचा एक डबा नव्हता. कापडाच्या दुकानात तागे असतात तसे भिंतीला रोल उभे होते. कारागिराने निळ्याचा तुकडा घेतला, गरम हवेच्या यंत्राने ऊब दिली आणि एका दारावर ओढून बसवला. कडा आत वळवल्या. बघता बघता दार निळे झाले. मी हात फिरवला. शिवण नाही, सुरकुती नाही.

"आता काढून दाखवा."

त्याने पुन्हा ऊब दिली, कोपरा नखाने उचलला आणि सालीसारखी फिल्म सोलून काढली. खालचा रंग जसाच्या तसा.

"साब, असली रंगाला धक्का न्हाई लागत. मन भरलं की काढा, दुसरी लावा. लोक हौसेनं करत्यात. रंग बदलला तर कागदावर चढवा, हे मी सगळ्यांना सांगतो. कोन ऐकतंय?"

"ही निळी चमकत का नाही?"

"मॅट हाय ही. चमकनारी घरोघर दिसते. ही वेगळी दिसते म्हनून शौकीन लोक हीच मागत्यात."

त्या दुकानात मला लाज वाटली. कापूस वेचणाऱ्या बाईने पहिल्याच दिवशी हे सांगितले होते, फक्त तिच्याकडे 'मॅट' हा शब्द नव्हता. तिच्याकडे भिंत होती.

आम्ही रंग लावणारे शोधत होतो, आणि या माणसाने रंग काढला होता. अपघातानंतर दोन दिवसांनी दार बंद करून, केस वाळवायच्या यंत्राने ऊब देत त्याने एकट्याने अख्खी गाडी सोलली होती. निळी फिल्म शेतात नेऊन जाळली, असे त्याने सांगितले. म्हणजे पुरावा राख झाला होता.

"सगळी जाळली?"

तो रुमाल काढून मान पुसू लागला. मला त्याच्या आईचे स्वस्तिक आठवले. म्हणून मी त्याला घेऊन, दोन पंच सोबत घेऊन पुन्हा घरी गेलो आणि त्याच्या आईला विचारले, "आई, तुम्ही काढलेल्या स्वस्तिकाचं काय झालं?"

म्हातारी उठली. देव्हाऱ्यामागे हात घालून तिने जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली वळकटी काढली.

"रंग खराब निघाला म्हणून सोलून राहिला हुता. मी म्हणलं, कुंकवाचं जाळायचं न्हाई, पाप लागतंय. तो बी तयार झाला, त्यानंच गुंडाळून दिलं. नांदेडला कवा गेलो की गोदावरीत सोडायचं, म्हणून ठिवलंय."

पंचांसमक्ष वळकटी उलगडली. बॉनेटच्या आकाराची मॅट निळी फिल्म, त्यावर वाळलेले स्वस्तिक, डाव्या कोपऱ्याला हेडलाइटपाशी फाटलेली आणि तिथे रक्ताचे सुकलेले शिंतोडे. दूधवाल्याला रस्त्यात टाकून येणाऱ्या माणसाचा हात आईच्या स्वस्तिकाला काडी लावायला धजला नव्हता.

पंचनामा चालू असताना म्हातारीचे लक्ष शिंतोड्यांवर गेले. ते कुंकू नव्हते, हे तिला माझ्याआधी कळले असावे. ती मुलाकडे वळली. "काय केलंस रे?"

तो तिच्या पायाशी बसला आणि रडू लागला. कबुली त्याने मला दिली नाही, तिला दिली. मी फक्त ऐकली. मला आनंद झाला नाही. म्हातारीला मी फसवून विचारल्यासारखे वाटत राहिले, आजही वाटते.

ठाण्यात परतल्यावर टेबलावरचा अहवाल फाडला. डॉक्टरांची गाडी सोडली. त्यांना मी म्हणालो, "माझं चुकलं." ते म्हणाले, "हाव, साहेब," आणि पिशवी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी फिल्मचा नमुना घेऊन त्या बाईच्या घरी पुरवणी जबाबासाठी निघालो. घर अपघाताच्या वळणापासून हाकेच्या अंतरावर होते. पोचतो तर दारात डॉक्टरांची गाडी उभी, आणि डॉक्टर बाईच्या शेळीला सुई देत होते.

मी म्हणालो, "बरं झालं. लोक पुन्हा बोलवायला लागले."

डॉक्टर म्हणाले, "लोकांचं माहीत नाही, साहेब. या घरानं मधेही बोलावणं सोडलं नव्हतं. तुमच्या ठाण्यातून सुटलो की इथं येत होतो."

बाई शेळीचे कान धरून उभी होती. ती म्हणाली, "गाडी मीच बघितली हुती की. मग ह्यांच्यावर कशाला संशव घ्यायचा?"

मी नमुन्याचा तुकडा तिच्या भिंतीला लावला. निळ्यात निळे मिसळून गेले.

दूधवाला पुढे शुद्धीवर आला. लंगडत का होईना, घरी गेला. खटला चालला, शिक्षा झाली. पुढे नव्या फौजदारांना शिकवताना मी या गुन्ह्यातली फिल्म आणि कुंकू सांगत असे तेव्हा ते डोळे मोठे करून ऐकत. पण मला त्यातून शिकायला मिळाले ते एवढेच, की सांगणाऱ्याचा शब्द आपल्या शब्दात बदलून लिहू नये. पुरवणी जबाब मी रायटरला लिहू दिला नाही. ओट्यावर बसून स्वतःच्या हाताने लिहिला: 'गाडी आमच्या घराच्या भिंतीवानी निळी हुती. चमकत न्हवती.'

वाचून दाखवल्यावर बाईने विचारले, "आता बराबर लिवलं का, साहेब?"

"हो, मावशी."

"तवाच म्हणले हुते, घराकडं चला म्हणून," ती म्हणाली आणि अंगठ्यासाठी हात पुढे केला.