बाजेवाल्या जावयाचे पाय

माझ्या चुलतसासऱ्यांनी भर वरातीत, नवरदेवाच्या आधी, एका बाजेवाल्याचा पाय धुतला. तो बाजेवाला मी होतो.

साकोलीत माझं साड्यांचं दुकान आहे. एकोडीच्या सुखराममास्तरांचा बँड दुकानावरून गेला की माझ्या हातातली साडी अर्धवट उलगडलेलीच राहायची. सत्तरीचा वाळका माणूस, गालफडं बसलेली, पण क्लॅरिनेट ओठाला लागलं की ट्रकवालेसुद्धा हॉर्न द्यायला कचरत. (आमच्या हायवेवर ही साधी गोष्ट नव्हे.) बेचाळिसाव्या वर्षी मी धीर करून त्यांच्या घरी गेलो आणि मला बँडमध्ये घ्या म्हणालो. त्यांचा एक माणूस नुकताच बाहेरगावी कामाला गेला होता. ते हो म्हणाले. आणखी काही विचारायचं आहे का, असंही त्यांनी विचारलं.

"टोपीले तुरा राहते का?" मी विचारलं.

तुरा होता. माझं समाधान झालं.

पहिलं काम रविवारी होतं. त्याच रविवारी करडीला बायकोच्या चुलत बहिणीचं लग्न. बँडचं लपवून मी कुंदाला सांगितलं, मला माल आणायला नागपूरला जावं लागतंय. ती आदल्या दिवशीच माहेरच्यांबरोबर गेली.

काय वाजवायचं ते मला गाडीत कळलं. शाळेत मी बिगूल वाजवायचो, तेवढ्या भरवशावर मास्तरांनी माझ्या अंगावर अजगरासारखा वेटोळे घातलेला मोठा पितळी बाजा चढवला. कुठे वाजवायचं ते अर्ध्या रस्त्यात कळलं. ढोलवाला म्हणाला, "करडीले. नवरदेवाकडून हाये आपला बँड."

मांडवापर्यंत मी बाज्याच्या तोंडामागे तोंड लपवून चाललो. दाराशी कुंदा आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिची नजर माझ्या बुटांवर गेली. ते तिनेच पसंत केलेले. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "अवो, तुमी तं नागपूरले गेले होते ना?"

मी उत्तरादाखल बाज्यात फुंकलं. अडलेल्या म्हशीसारखा आवाज निघाला आणि नवरदेवाची घोडी चार पावलं मागे सरली. काय झालं म्हणून चुलतसासरे, म्हणजे नवरीचे वडील, धावत आले, तर समोर लाल कोटात घामाघूम जावई! त्यांच्या लेखी जावई दारात आला की पाय धुवायचे, एवढंच. नवरदेवासाठी पाणी भरून ठेवलेला गडवा घेऊन ते खाली बसले, माझा एक बूट काढला आणि पाय धुतला.

नवरदेवाच्या मामाने ते पाहिलं. आमचा नवरदेव घोडीवर ताटकळतो आणि तुम्ही बाजेवाल्याचे पाय धुता, म्हणत त्याने वरात माघारी वळवायला सांगितली. हा आमचा जावई आहे, म्हणत चुलतसासऱ्यांनी हात जोडले. आत नवरीची आई रडायला लागली. मी एका बुटावर उभा होतो.

तेवढ्यात सुखराममास्तर कुणी न सांगता पुढे आले आणि दोघांच्या मध्ये उभं राहून वाजवू लागले. आमच्याकडे मुलीची पाठवणी करताना बाया म्हणतात ती चाल, अगदी सावकाश. मी इतक्या जवळून त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मानेच्या शिरा तटतटलेल्या, डोळे मिटलेले. त्या वाळक्या छातीत एवढा श्वास कुठून येत होता, देव जाणे. मांडवात पोरंसुद्धा गप्प झाली. घोडी कान टवकारून उभी राहिली. मामाने मागच्याच वर्षी स्वतःची लेक सासरी धाडली होती. त्याने दुपट्ट्याने डोळे पुसले, गडवा उचलला आणि माझ्यासमोर बसला.

"राहिलेला पायबी पुढं करा, जवाईबापू," तो म्हणाला.

लग्न लागलं. पंगतीत कुंदाने मला सोडून सगळ्यांना वाढलं. निघताना ती बाजूलाच उभी असताना मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बापू, मी वाजवलं तवा तुमी एकबी सूर काढला नाही. आपला बँड असा कधीच जमला नव्हता. पुढच्या लग्नालेबी या, अन् असंच करा."

कुंदाने मान डोलावली. तेव्हापासून मी बँडमध्ये आहे. बाजा धरायला.