टपाल उतरवून घेणारा संगणक

लातूरच्या महाविद्यालयात मी नोकरीला लागलो, ते किनवटकडच्या आश्रमशाळेतल्या गुरुजींमुळे. घरातला पहिला पदवीधर मी. साधा अर्ज कसा लिहायचा, तेही त्यांनीच शिकवलं.

कार्यालयाचा ईमेल लावायचं काम माझ्याकडे आलं. पद्धती दोन. आयमॅप लावलं तर पत्रं सर्व्हरवर राहतात, कोणत्याही टेबलावरून दिसतात. पॉप लावलं तर ती एकाच संगणकावर उतरतात. सर्व्हरवर प्रत ठेवायची की पुसायची, ते आपण ठरवायचं.

हेडक्लार्क म्हणाले, "टपाल काय पोस्टमनच्या पिशवीत ठेवून येतो का आपण? समदं उचलून आण."

मला नोकरीत कायम व्हायचं होतं. मी पॉप लावलं, प्रत पुसायची खूण केली आणि त्यांच्या सांगण्यावरून पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहिला. माझ्या अक्षराचं कौतुक झालं.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी गुरुजींचा फोन आला. आश्रमशाळेच्या वसतिगृहातल्या एका मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला त्यांनी ईमेलनं पाठवला होता. पाचपर्यंत तो अर्जाला जोडला नाही, तर पहिल्या यादीतून तिचं नाव जाणार होतं.

"पाठवलाय रे बाळा."

"आला न्हाई, गुरुजी."

त्यांनी परत पाठवला. मग तिसऱ्यांदा. हेडक्लार्क कार्यालयाच्या खोलीला कुलूप लावून उमरीला लग्नाला गेले होते, किल्ली त्यांच्या खिशात. आत चालू राहिलेला संगणक दर पाच मिनिटांनी इमानदारीनं टपाल उतरवून घेत होता आणि सर्व्हर झाडून साफ करत होता.

"माझ्या पत्त्यावर मागवू का?" मी प्राचार्यांना विचारलं.

"आवक नंबर कोण देणार? रजिस्टर आत आहे."

हेडक्लार्कांना फोन लावला. बँडच्या गलक्यातून ते ओरडले, "टपाल एकदम सेफ हाय! फिकीर करू नको!"

पाच वाजले.

दुसऱ्या दिवशी मी आयमॅप लावलं, मधे कुणाला वाचता येऊ नये म्हणून जोडणी एन्क्रिप्टेड केली, पासवर्ड बदलला. हेडक्लार्कांनी नवा पासवर्ड रजिस्टरात चढवायला मागितला. मी प्रथमच त्यांना नाही म्हणालो. दुसरी यादी लागली, त्या दिवशी गुरुजींना पत्र टाकलं:

"आदरणीय गुरुजी, साष्टांग नमस्कार. तुमचे तिन्ही ईमेल आले होते. ते कुणाला दिसू नयेत अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती. मुलीला दुसऱ्या यादीत प्रवेश मिळाला, पण इथल्या वसतिगृहातली जागा गेली. तिच्या घरच्यांची हरकत नसेल, तर सोय होईपर्यंत तिला इथं लातुरात माझ्या आईजवळ राहू द्या. आणि गुरुजी, तिसऱ्या ईमेलात 'माझं खातं तूच उघडून बघ' म्हणून तुम्ही तुमचा पासवर्ड लिहिलाय. तो आजच बदला. नवा मलासुद्धा सांगू नका."