वाकडा धावदोरा

आमच्या शेजारणीला गोधडीची नक्षी कुठंही सुचते. भाकरी भाजताना मधेच थांबून ती करपलेल्या डागांकडं बघत राहते आणि म्हणते, "ताई, हे बघा, कसं पान उमटलंय!" मला नुसती करपलेली भाकरी दिसते. मी गुलमंडीवर हिंडून रंगाला रंग जुळवत नवं कापड आणते. ती नवऱ्याचा फाटका शर्ट उचलते, तरी गल्लीतल्या बाया तिच्याच ओट्यावर जमतात. माझ्या पोटात दुखतं, दुसरं काय!

परवा माझ्या गोधडीच्या कोपऱ्यात धावदोरा वाकडा गेला. मी चिडून उसवायला घेतला, तर तिनं हात धरला. "नका उसवू. पैठणला गंगा-गोदावरी वळती, तसा वळलाय. लई छान दिसतंय." आणि मला न विचारता तिनं त्याच वळणाला लागून निळ्या दोऱ्याच्या ओळी घातल्या, वर गुणगुणत.

आता घरी येणारा प्रत्येक जण तोच कोपरा न्याहाळतो. "हे शेजारच्या वहिनींनी केलं ना?"

"हो," मी म्हणते. "पण पहिली वाकडी ओळ माझी आहे."