जोडलेली रापण

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी आमच्या वाडीतल्या शाळेच्या बाईंचं नाव घेतो. ते ऐकून आई रागावत नाही. तीही तेच म्हणते.

बाई घाटावरच्या. नोकरीसाठी आमच्या किनाऱ्यावर आल्या आणि निवृत्त होईपर्यंत इथेच राहिल्या. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. मी पदवीधर झालो, मसुऱ्याजवळच्या एका हायस्कुलात शिकवतो, हे सगळं त्यांच्यामुळे. पण मला इथे वेगळं काही सांगायचं आहे. त्यांनी आमच्या वाडीत एक गोष्ट सुरू केली आणि तिच्यामुळे मी आयुष्यात सगळ्यात जास्त घाबरलो, त्याबद्दल.

आमची वाडी एकच, पण तिचे दोन भाग. टेकाडावरची वरची वाडी आणि खाडीच्या तोंडाशी असलेली खालची. आम्ही खालचे. दोन्ही वाड्यांची मिळून एक रापण होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते अर्धगोल टाकतात, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर दोन टोकांना येतात आणि दोन्हीकडून माणसं ओढतात. हे जाळं एका मालकाचं नसे. प्रत्येक घराने आपापला तुकडा विणून आणायचा आणि सगळे तुकडे एकमेकांना शिवून रापण करायची. वरच्यांनी एक दोर ओढायचा, खालच्यांनी दुसरा.

मी पाचवीत असताना जत्रेत भांडण झालं. आमच्याकडे कुठल्याही कार्याआधी गाऱ्हाणं घालतात. मानकरी देवाला मोठ्याने साकडं घालतो, एकेका देवाचं, एकेका राखणदाराचं नाव घेतो, आणि जमलेले लोक प्रत्येक वेळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. गाऱ्हाण्याचा मान वरच्या वाडीचा. त्या वर्षी त्यांच्या म्हाताऱ्या मानकऱ्याने खाडीच्या तोंडावरच्या आमच्या राखणदाराचं नाव घेतलंच नाही. आधीच्या वर्षीही घेतलं नव्हतं म्हणे. आमच्याकडून कोणीतरी ओरडलं, त्यांच्याकडून कोणीतरी उत्तर दिलं, आणि मग होड्यांमधली वल्ही बाहेर आली. मानकऱ्याच्या मुलाने मारलेलं वल्हं माझ्या वडिलांच्या उजव्या खांद्यावर बसलं. मी एका उपड्या होडीखाली शिरलो होतो. हाड मोडल्याचा आवाज मी तिथून ऐकला. तो हात नंतर कधी खांद्याच्या वर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी लोकांनी रापणीची शिवण उसवली आणि आपापले तुकडे घरी नेले. जत्रा बंद झाली. अर्ध्या जाळ्याने मासे मिळत नाहीत. तरुण मुलं गोव्याच्या हॉटेलांत गेली, काही देवबागला पर्यटकांच्या बोटींवर. घरांना कुलपं लागली. पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, प्लास्टिक साचलं. पर्यटकांच्या गाड्या आमच्या फाट्यावरून न थांबता पुढे जायच्या, कारण थांबावं असं तिथे काही नव्हतं. शाळेत मुलं इतकी कमी झाली की ती बंद होणार अशी कुणकुण दरवर्षी यायची.

निवृत्तीच्या वर्षी बाईंनी मुलांना चित्रकलेचा एक गृहपाठ दिला. घरातला जाळ्याचा तुकडा मागून आणा, आपण शाळेच्या भिंतीवर सगळ्यांचे तुकडे जोडून एक चित्र करू. मुलांना काय माहीत. त्यांनी माळ्यावरून, गोठ्यातून तुकडे ओढून आणले. वरच्यांचे आणि खालच्यांचे तुकडे बाईंनी मुलांकडून एकमेकांना शिवून घेतले, त्यात शंख, रंगवलेल्या करवंट्या अडकवल्या आणि भिंतभर टांगले.

ते बघायला पहिल्यांदा आयाबाया आल्या. माझी काकी मासे विकून परत येताना टोपली डोक्यावर तशीच ठेवून बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, “बाईनू, जाळा काय भितीर टांगूचा असता? जाळा सुकवूक टांगतत. मगे परत पाण्यात घालतत.”

बाई म्हणाल्या, “मग घाला.”

एवढंच. तिथून महोत्सवाची कल्पना निघाली. थंडीतल्या एका रविवारी सकाळी रापण ओढायची, दुपारी दशावतार, बायकांच्या फुगड्या, मुलांनी रंगवलेल्या भिंती, घराघरांतून जेवण. बाईंनी मला मसुऱ्याहून बोलावून घेतलं आणि तयारी माझ्यावर सोपवली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या निवृत्त होऊन फोंडाघाटला बहिणीकडे राहायला गेल्या, आणि लगेच गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागल्याने त्यांना येता येणार नव्हतं. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून आमचा सगळा कारभार पत्रांतून चालायचा.

मी नाही म्हणू शकलो नाही. पण पहिल्या दिवसापासून मला भीती होती. वाडीतली माणसं कामाला लागली तसतशी ती वाढत गेली. गोव्याहून दोन घरची मुलं सुट्टी काढून आली, त्यांनी कुलपं उघडली, कौलं नीट बसवली. पुळण साफ झाली. वरच्या वाडीतल्या पोरांनी खालच्या वाडीच्या भिंतीवर बांगडा माशांचा थवा रंगवला आणि त्यांना चहा कोणी द्यायचा यावरून आमच्या बायकांत चढाओढ लागली. हे सगळं बघून मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त वल्ही दिसत. इतकं सगळं उभं राहिल्यावर एका सकाळी मोडलं, तर ही मुलं पुन्हा कधी परत येणार नाहीत, आणि दोष माझ्या बाईंवर येईल. आणि बाबा. त्यांना पुन्हा काही झालं तर?

कारण म्हातारा मानकरी वारला होता. आता गाऱ्हाणं त्याचा मुलगा घालणार होता. ज्याने वल्हं मारलं, तोच.

मी बाबांना विचारलं, तुम्ही येणार का. ते अंगणात बसून डाव्या हाताने गळ साफ करत होते.

“तुझ्या बाईंका सांग, जाळा भितीर बरा दिसता,” ते म्हणाले. “थंयच ऱ्हवांदे.”

“येणार की नाही तेवढं सांगा.”

“बघुया.”

आमच्याकडे ‘बघुया’चा अर्थ कोणालाच लावता येत नाही.

मी पोलीस चौकीत जाऊन एक हवालदार मागितला. कोणाला न सांगता. रविवारी सकाळी ते आले, उंडीच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले आणि मला हळूच म्हणाले, “गुरुजी, भांडण साधारण किती वाजता आहे? मला दुपारी कणकवलीला जायचंय.” ते हसले. मला हसता आलं नाही.

होडीने जाळं टाकलं होतं. दोन्ही दोर किनाऱ्यावर आले होते. वरचे उत्तरेला, खालचे दक्षिणेला, मध्ये बरीच मोकळी पुळण. पर्यटक मोबाईल काढून उभे होते. मानकऱ्याचा मुलगा, आता तोही पन्नाशीचा, मधोमध आला आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. बाबा आमच्या माणसांच्या मागे, दोराला हात न लावता उभे होते.

गाऱ्हाणं सुरू झालं. गावदेवीचं नाव झालं. व्हय म्हाराजा. वेशीवरचा, डोंगरावरचा, टेकाडावरचा. व्हय म्हाराजा. दोन्हीकडून आवाज येत होता, पण आमच्याकडचा बारीक होत चालला होता. सगळे एकाच नावाची वाट बघत होते. आणि नेमका तिथे तो थांबला.

तो नुसता उभा राहिला. विसरला की घ्यायचं नाही, हे कोणाला कळेना. लाट आली, गेली. आमच्याकडच्या दोन माणसांनी दोर खाली ठेवला. मी काकीचा खांदा धरला. उपडी होडी शोधायला माझी नजर आपोआप किनाऱ्यावर फिरली.

काकी ओरडली, “काय रे, जीभ चावलंस? जाळा पाण्यात आसा. माशे तुझी वाट बघूचे नाय.”

कोणीतरी फिस्सकन हसलं. मानकऱ्याच्या मुलाने मान वळवली. चेहरा घामाने भिजला होता. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूसही माझ्याइतकाच घाबरलेला आहे.

“सांगतंय गो, सांगतंय,” तो म्हणाला. “बापाशीन शिकयल्यान नाय ता. आठवचा लागता.”

आणि मग, समुद्राकडे वळून, अडखळत: “खाडयेच्या तोंडार बसलेल्या राखणदारा म्हाराजा. आमच्या घरान तुझा नाव घेवक व्हया होता, घेतला नाय. ह्या लेकरांका सांभाळ.”

मग आमच्या बायकांनी आधी म्हटलं, मग पुरुषांनी. व्हय म्हाराजा. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांचे ओठ हलले नाहीत.

दोर ओढायला सुरुवात झाली. मला वाटलं होतं की गाऱ्हाण्यानंतर भीती संपेल. पण रापण बघितलेल्यांना माहीत असेल, जाळं किनाऱ्याकडे येतं तशी ओढणारी दोन्हीकडची माणसं एक एक पाऊल मध्ये सरकतात. नाहीतर जाळ्याचं तोंड उघडं राहतं. म्हणजे ज्यांना आम्ही इतकी वर्षं एकमेकांपासून लांब ठेवलं होतं, ती माणसं ओढता ओढता जवळ येत होती, ओली, दमलेली, श्वास फुललेली. आमच्या बाजूला माणसं कमी. जाळं वरच्यांकडे वाकडं व्हायला लागलं. तेव्हा बाबा पुढे आले आणि त्यांनी डाव्या हाताने दोर धरला. ते अगदी पुढच्या जागी, पाण्याजवळ उभे राहिले. समोरच्या रांगेत पुढे कोण होतं, हे सांगायला नको. हवालदार खुर्चीतून उठले.

पुढचं मी पुढच्या आठवड्यात बाईंना लिहिलं. ते पत्र त्यांनी जपून ठेवलं होतं, तेच इथे देतो.

बाई, नमस्कार.

गुडघा कसा आहे? जिने चढू नका.

तुम्ही एकच विचारलं होतं, बाबा आले का. आले. दोर धरला. दोन्ही रांगा जवळ येत येत कमरेएवढ्या पाण्यात समोरासमोर आल्या आणि बाबा आणि तो यांच्यात एका हाताचं अंतर उरलं. मी किनाऱ्यावरून पाण्यात शिरलो होतो, काय करणार होतो मला माहीत नाही. बाबा त्याला म्हणाले, “वायच तुझी बाजू ढिली सोड. माझो एक हात उठणा नाय. तुका ठावक आसा.” त्याने दोर सैल सोडला आणि जाळं सरळ झालं. बस, एवढंच झालं. बांगडे बरे मिळाले. वाटे घालताना देवाचा वाटा आधी काढला, मग पर्यटकांनी आमच्याच घरांत जेवण केलं, दशावतार बघितला. भांडण झालं नाही.

लोक मला म्हणतात, बघ, उगाच घाबरलास. पण बाई, बाबांनी त्याला माफ केलंय असं मला वाटत नाही. ते त्याबद्दल बोलत नाहीत. पर्यटकांपैकी एकाने किनाऱ्यालगतच्या जागांची चौकशी केली, तेव्हापासून मला आणखी एक नवी भीती लागली आहे. गोव्याहून आलेली दोन्ही घरची मुलं अजून परत गेलेली नाहीत. ती कधी जातील याचीही भीती वाटते. तुम्ही आमच्यासाठी जे सुरू केलं ते टिकवण्याइतका मी धीट नाही. तरी करतो आहे.

रापण धुऊन पुन्हा शाळेच्या भिंतीवर सुकत टांगली आहे. आज सकाळी बाबा म्हणाले की तिची मधली शिवण सुटत होती, ती घट्ट करायला हवी. मग सुई घेऊन शाळेत गेले. थोड्या वेळापूर्वी तोही त्याच वाटेने गेला. शाळेत आत्ता दुसरं कोणी नाही. मी शाळेसमोरच्या आमच्या ओटीवर बसून हे लिहितो आहे आणि मध्ये मध्ये थांबून तिकडे कान देतो आहे. अजून तरी कोणाचा आवाज चढलेला नाही. दोघांपैकी कोणीतरी आत्ताच खोकला. हे पत्र मी संध्याकाळपर्यंत टाकत नाही. ते दोघे आपापल्या घरी आल्यावर टाकीन, म्हणजे पत्र तुमच्या हातात आलं की दोघे नीट परतले, हे तुम्हाला कळेल.

तुमचा विद्यार्थी