मशीन दमलं की

वादळात खांब पडले आणि तळेगावात आमच्या भागातली वीज दोन दिवस गेली. आईचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालणारं. जोडीला एक सिलेंडर, तोही जेमतेम तीन-चार तास पुरणारा. म्हणून आंबीहून भाड्यानं जनरेटर मागवला. तो घेऊन आलेला माणूस दोन्ही दिवस आमच्याकडेच थांबला, पण त्याचं नाव मी विचारलंच नाही.

पोर्चमध्ये ठेवा म्हटलं, तर त्यानं ऐकलं नाही. खिडकीपासून वीस पावलं मोजून जनरेटर पार कुंपणाशी नेला. "धूर घरात शिरला तर कळत बी न्हाई," म्हणाला.

पेट्रोल भरायच्या आधी तो जनरेटर बंद करून गार होऊ द्यायचा. तेवढा वेळ आई सिलेंडरवर. माझा जीव वरखाली व्हायचा. "चालू असतानाच ओता ना," मी एकदा खेकसलो.

"गरम मशिनीवर पेट्रोल सांडलं तर भडका उडंल, भाऊ."

मग हात धुऊन तो आत यायचा आणि आईच्या पलंगाशी बसायचा. "मशीन दमलंय, मावशी. ते गार होस्तोवर आपुन बोलू." मग भाताची रोपं, व्यायला आलेली म्हैस, लेकीची शाळा. आई सिलेंडरच्या काट्याकडे बघायचं विसरून जायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी टाकीत अजून निम्मं पेट्रोल होतं. आईनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"जरा बाहेर जाऊन बघ," ती हळूच म्हणाली, "मशीन दमलं असेल."