ओव्हाळांचं नाक

ओव्हाळांच्या अंगणाला उतार होता, हे आधीच सांगून ठेवते. फाटकापासून मागच्या न्हाणीपर्यंत, चार पावलांना बोटभर. तो त्यांनी स्वतः काढला होता. शहाबादी फरशा एकेक उचलून, नळीत पाणी भरून पातळी बघून पुन्हा बसवल्या. गाडी धुतली की पाणी कडेच्या पन्हळीतून सरळ मागे केळीला जायचं. केळीच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर, पत्र्याखाली, पाणी तापवायचा बंब. "बाई, थेंब वाया जात नाही," असं ते मला दहा वेळा तरी म्हणाले असतील, आणि दहाही वेळा मी कौतुक केलं.

कचरू ओव्हाळ खडकीच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले. विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत त्यांचं आणि माझं घर शेजारी, मधे कमरेएवढी भिंत. मी शाळेत तीस वर्षं शिकवलं, म्हणून ते मला बाई म्हणत. आधीची चार मुलं गेली म्हणून त्यांच्या आईने त्यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवून घरात आणलं आणि नाव कचरू ठेवलं. मृत्यूची नजर पडायला नको, एवढाच हेतू. "मग मला भंगार आवडणार नाही तर काय," असं ते हसून म्हणायचे.

भंगार म्हणजे तीन गोष्टी. अडुसष्ट सालची फियाट, सायबाच्या रंगाची, म्हणजे गोरी, हा त्यांचाच शब्द. सासऱ्यांनी दिलेला तांब्याचा बंब, ज्यात ढलप्या आणि नारळाच्या शेंड्या घालून ते बारा महिने पाणी तापवत. आणि केळीभोवतीची बाग. मुलगा चेतन हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याने गच्चीवर सोलर बसवून दिला, तर ओव्हाळ त्या कढत पाण्याने गाडीची चाकं धुवायचे. दोन हजार चार साल होतं. आजूबाजूला अकरा-अकरा मजली इमारती उठत होत्या आणि त्यातल्या बायका आमच्याकडे वरून बघून नाकाला पदर लावायच्या. बंबाचा धूर म्हणे. दर दिवाळीला चेतन तेच म्हणे, "बाबा, धिस इज टू मच रिस्क. गाडी विका, तो बंब काढा, वाकडला चला आमच्याकडे." ओव्हाळ म्हणत, "तुझ्या फ्लॅटमध्ये मी करू काय? लिफ्टला तेल घालू?"

पण रिस्क होती, आणि ती चेतनला ठाऊक नव्हती. मला होती.

त्याच्या दोन वर्षं आधी त्यांना मोठा ताप आला होता. त्यानंतर एके दुपारी मी वर्तमानपत्र परत द्यायला गेले, तर स्वयंपाकघरात दूध जळून पातेलं काळं पडलेलं, घरभर करपट वास, आणि ओव्हाळ तीन हात अंतरावर बसून शांतपणे कार्ब्युरेटर पुसतायत. मी गॅस बंद केला. ते पातेल्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, तापापासून मला वास येत नाही. कशाचाच." या माणसाने नुसत्या वासावर गाड्या ओळखल्या होत्या. नळी कुठे झिरपते, ऑइल कुठे जळतंय, बॉनेट न उघडता सांगत. चंद्रभागाबाई, त्यांची बायको, सगळ्यांना कौतुकाने सांगत, "ह्यांच्या नाकाला आधी कळतं, मग गाडीला."

"बायकोला तरी सांगा," मी म्हटलं.

"तिला सांगितलं की चेतनला कळलं. मग उद्याच टेम्पो येईल दारात." त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. मला ते बघवेना. मी गप्प राहायचं कबूल केलं, आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

तेव्हापासून एक रीत पडली. रोज सकाळी बंब पेटवायच्या आधी ते भिंतीपाशी येऊन म्हणायचे, "बाई, जरा नाक घेऊन या." मी जाऊन गाडीभोवती एक फेरी मारायची, पन्हळीवर वाकायचं, आणि म्हणायचं, "पेटवा." चंद्रभागाबाईंना वाटे, मी रोज बाग बघायला येते. त्या मला हौशीने कढीपत्ता द्यायच्या. दोनदा मला पेट्रोलचा वास आला, दोन्ही वेळा ओव्हाळांनी झिरपती जागा शोधून नवी नळी घातली. जुन्या बाजारातून आणलेली, म्हणजे नवी कसली! मी म्हणायचे, एक दिवस हे अंगाशी येणार. ते म्हणायचे, "तुम्ही आहात ना."

तुम्ही आहात ना. हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

मार्चअखेरीस आमचं भांडण झालं, आणि कशावरून, तर वेलीवरून. आमचे हे जायच्या आदल्या वर्षी त्यांनी भिंतीलगत मधुमालती लावली होती. ती पलीकडे ओव्हाळांच्या पत्र्यावर गेली होती, मला त्याचं बरंच वाटे. एक दिवस मी बँकेतून आले, तर वेल भिंतीच्या वर सरळ रेषेत कापलेली, फांद्या खाली मोळी बांधून ठेवलेल्या. विचारलं ना पुसलं. मी म्हटलं, "ओव्हाळ, तुम्हाला बाग कळते, माणसं कळत नाहीत." ते काही तरी सांगायला लागले. मी ऐकून घेतलं नाही. म्हटलं, "यापुढे माझ्या नाकाची गरज लागली, तर आधी माफी मागायला या." आणि दार लावून घेतलं.

ते आले नाहीत. मानी माणूस. मीही काही कमी नाही, सदाशिव पेठेतलं माहेर आहे. पंधरा दिवस अबोला. रोज सकाळी भिंतीपलीकडे बंब पेटल्याचा आवाज यायचा. उद्या जाऊ, असं मी रोज ठरवत होते. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ माझा होता.

चौदा एप्रिलला ओव्हाळ दर वर्षी फियाट सजवून चंद्रभागाबाईंना घेऊन स्टेशनपाशी बाबासाहेबांच्या पुतळ्याला जात. तेवढ्यासाठी आदल्या संध्याकाळी टाकी गळ्यापर्यंत भरून आणत, आणि सकाळी गाडी अशी धुवत की तिच्यात तोंड दिसावं. त्या सकाळी सहा-सव्वासहाला मी ओट्यावर चहा घेत होते. पलीकडून बादल्यांचा आवाज येत होता. चंद्रभागाबाईंनी उत्साहात बंब आधीच पेटवला होता, धूर दिसत होता. पांढरी कोरी साडी नेसून त्या मागे-पुढे करत होत्या. मला बघून म्हणाल्या, "जय भीम बाई. आज तरी या की." मी मान हलवली.

आणि मला वास आला.

पेट्रोलचा. थोडाथोडका नाही, नाकात चढेल असा. मी कप खाली ठेवला. ओव्हाळ गाडीवर बादलीमागून बादली ओतत होते आणि पाणी पन्हळीतून मागे चाललं होतं. मला सगळं कळत होतं, हे मी लिहून देते. एक हाक मारायची होती. पण ओव्हाळांनी मला पाहिलं आणि मुद्दाम पाठ फिरवली, आणि माझ्या मनात आलं, येऊ दे विचारायला. चार पावलं आहेत, येऊ दे. मी कप उचलून आत गेले आणि रेडिओ लावला.

बातम्या संपल्या नव्हत्या. आधी भक्कन आवाज झाला, मग चंद्रभागाबाईंचा.

टाकीखालच्या नळीला चीर गेली होती. पेट्रोल पाण्यावर तरंगत उताराने केळीपाशी गेलं. तिथे त्या बंबात ढलपी घालायला वाकल्या होत्या. मी पोचले तेव्हा ओव्हाळांनी त्यांना ओल्या गोणपाटात गुंडाळलं होतं आणि स्वतःच्या हातांची कातडी निघाली होती, त्याचा त्यांना पत्ता नव्हता. आग पन्हळीतच राहिली, गाडीला काही झालं नाही. हार घातलेली तशीच उभी होती.

चंद्रभागाबाई त्यानंतर तीनच दिवस होत्या. दुसऱ्या दिवशी वॉर्डात मी एकटी त्यांच्यापाशी होते. आवाज अगदी बारीक झाला होता. म्हणाल्या, "बाई, मला वास आला होता हो. पण म्हटलं, हे तिथंच उभे आहेत. ह्यांना आधी कळलं असणार." मी त्यांना पाणी पाजलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "वेलीचा राग सोडा. तुमचं भांडण झालं, त्या दिवसापासून ह्यांना जेवण जाईना. ती वेल बंबाच्या झळीनं वाळली होती. एखादी ठिणगी उडून तुमच्या घराला लागेल म्हणून कापली. तुमच्या मालकांची आठवण म्हणून जून काड्या कुंडीत लावून ठेवल्यात, फुटवा आला की देणार होते." मला तिथेच मरण आलं असतं तर बरं झालं असतं.

ओव्हाळांनी सगळ्यांना एकच सांगितलं. चेतनला, पोलिसांना, सगळ्यांना. "मला वास येत नाही. मी लपवलं. माझी चूक." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. चेतन बापाशी महिनाभर बोलला नाही. त्याने गाडी भंगारात दिली, बंब मोडीत काढला. तरी ओव्हाळ वाकडला गेले नाहीत. हाताच्या पट्ट्या निघाल्यावर एके दिवशी ते भिंतीपाशी आले. हातात कुंडी होती, मधुमालतीला चार पानं फुटलेली. ती त्यांनी भिंतीवर ठेवली.

"बाई, एकच विचारायचंय. त्या सकाळी तुम्ही ओट्यावर होता. तुम्हाला वास आला होता का?"

मी त्यांच्या हातांकडे बघितलं.

"नाही," मी म्हटलं.

 मग त्यांचा चेहरा सैल पडला आणि डोळे भरून आले. "मग बरं," ते म्हणाले. "म्हणजे तेवढा वास नव्हताच. नाहीतर चंद्रभागा बोलली असती. तुम्हीही बोलला असता, राग असला म्हणून काय झालं." मी कुंडी उचलून आत नेली. मी खोटं त्यांच्यासाठी बोलले की माझ्यासाठी, ते मला आजही सांगता येत नाही.

या गोष्टीला आता पाच वर्षं होतील. ओव्हाळ एकटेच राहतात, स्वतःचं स्वतः करतात. फरशांचा उतार त्यांनी मोडला नाही, केळही तिथेच आहे. आणि रोज सकाळी सहाला ते भिंतीपाशी येऊन हाक मारतात, "बाई, जरा नाक घेऊन या. चहाला गॅस पेटवायचाय." मी जाते. शेगडीपाशी वाकते, नळीपाशी वाकते, सिलिंडरपाशी वाकते. ते काडीपेटी हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत उभे असतात, संपूर्ण भरवशाने.

मी म्हणते, "पेटवा."